औषधांचा कोरा रकाना

माझ्या आयुष्यातला निम्मा राग एका रकान्यावर खर्च झालाय. रक्ततपासणीच्या फॉर्मवर खालच्या बाजूला तो असतो. पेशंट सध्या कोणती औषधं घेतो, ते तिथे लिहायचं. चार बोटांची जागा. पण डॉक्टरला ती भरायला सवड नसते, रक्त काढणाऱ्या बाईला ते आपलं काम वाटत नाही, आणि पेशंटला कुणी विचारतच नाही. मग तो कोरा फॉर्म आणि गोठवलेला प्लाझ्मा माझ्यापुढे येऊन पडतो आणि मी कपाळाला हात लावून बसते. गेली कित्येक वर्षं हेच चाललंय.

मी कॅनडात, किचनर शहराजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर. मिरजेला डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा केला, तिथे बारा वर्षं काढली, आणि इथे आल्यावर सगळ्या परीक्षा पहिल्यापासून पुन्हा दिल्या, त्याचा राग वेगळाच. आसपासच्या गावांतली छोटी सेंटर्स रक्त काढून पाठवतात, पण काही खास तपासण्या आमच्याकडेच होतात, आणि आमच्याकडे म्हणजे दोन बायकांकडे. एक मी, दुसरी माझी जोडीदारीण. ती पंजाबी, कॅनडाच्याच पश्चिम टोकाच्या सरेहून इकडे आलेली. आम्ही आपसात हिंदी बोलतो, ती मला दीदी म्हणते, आणि माझं डोकं फिरलं की मला ब्रेकरूममध्ये नेऊन चहा पाजते.

तपासणी काय असते ते सोपं करून सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच उभं आहे. जखम झाली की रक्त गोठतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते गोठणं आवरायला रक्तातच ब्रेक असतात. अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. कुणाचा ब्रेक जन्मतःच ढिला असला तर पायात नाहीतर फुप्फुसात गुठळी होऊ शकते. ब्रेक किती घट्ट आहे ते आम्ही मोजतो. पहिल्या दोघांचं त्यातल्या त्यात बरं आहे. प्लाझ्मात रसायन घालायचं, पिवळा रंग येतो, तो किती गडद झाला ते पाहून मशीन उत्तर देतं.

प्रोटीन एस मात्र महा नखरेल. ते दोन तऱ्हांनी मोजतात. एक म्हणजे प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. प्रोटीन एस जितकं जास्त, तितका वेळ जास्त. ही पद्धत कशानेही फसते. पेशंटच्या रक्तात रक्त पातळ करणारी गोळी असली तरी वेळ वाढतो आणि कमी असलेलं प्रोटीन एस छान ठणठणीत दिसतं. दुसऱ्या पद्धतीत अँटिबॉडी लावलेले बारीक कण घालतात, ते प्रोटीन एसला चिकटतात आणि मिश्रण गढूळ होतं. ही सहसा फसत नाही. पण आकडा बरोबर आला म्हणजे निदान बरोबर झालं असं नव्हे. त्या दिवसांत पेशंटच्या शरीरात काय चाललं होतं, ते कुणीतरी लिहून पाठवावं लागतं. कुठे, तर त्या चार बोटांच्या रकान्यात.

घरी आले की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. ट्यूब रेघेपर्यंत भरली नव्हती. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट्स काढायच्या असतात, त्या शहाण्याने एकदाच फिरवला. नमुना वाटेत वितळला. आणि रकाना, अर्थातच, कोरा. आमचे हे टीव्हीवरची नजर न काढता हं हं करायचे. मुलगा जेवून खाली निघून जायचा. मन लावून ऐकायची ती फक्त सून. एकदा तर तिने मला विचारलं होतं, की फॉर्मवर नाही लिहिलं तर फार फरक पडतो का? त्यावर मी तिला अर्धा तास सोडलं नव्हतं.

मुलगा आणि सून आमच्याच बेसमेंटमध्ये राहतात. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती एका इन्शुरन्सच्या ऑफिसात. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मी कधी एका शब्दाने विचारलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. आणि खरंच, विचारलं नव्हतं. बेसमेंटमधली लहान खोली सामानाने भरू नका, एवढंच म्हटलं होतं. मिरजेच्या बहिणीच्या नातवाचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर न टाकता थेट सुनेला पाठवायचे. आणि तिला जरा मळमळलं की हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचे. बस, इतकंच.

त्या जानेवारीत ती माहेरी, नाशिकला, जाऊन आली. परत आल्यावर चार दिवसांनी डावी पोटरी दुखायला लागली. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसला म्हणून स्नायू धरला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. रविवारी दुपारी ती जिना चढून वर आली आणि मी पाय पाहिला. गुडघ्याखाली टम्म सुजलेला, गरम. मी जेवणाचं ताट तसंच ठेवून गाडीची किल्ली घेतली.

इमर्जन्सीत ताटकळणं किती असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी एक दमलेला, कोवळा डॉक्टर आला. मी लगेच सांगून टाकलं की मी लॅबवाली आहे, त्यातही रक्त गोठण्याच्या तपासण्याच करते. त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्याने सुनेला विचारलं की काही औषधं, गोळ्या, हॉर्मोन्स वगैरे घेतेस का?

“काही नाही,” मी म्हटलं. “फक्त व्हिटॅमिन डी, तेही मी आठवण केली तर.”

तो हसला आणि लिहून घेतलं. सून माझ्याकडे बघून गप्प राहिली. मला वाटलं, दुखत असेल बिचारीला.

सोनोग्राफीत गुठळी दिसली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि आम्हाला रक्ताच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं. तिथेही मी सुट्टी काढून गेले, वही घेऊन, सुनेच्या शेजारच्या खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, तीन महिने गोळ्या घेऊ, मग थोडे दिवस थांबवू, तेव्हा ब्रेक तपासू आणि ठरवू. नुसत्या विमानप्रवासामुळे झालं असेल तर सुटलो. पण ब्रेक जन्मतःच ढिला निघाला, तर गोळ्या कदाचित आयुष्यभर, आणि पुढे मूल होईल तेव्हा रोज पोटात इंजेक्शन. मी मान डोलवत सगळं टिपून घेतलं. एकोणतीस वर्षांच्या पोरीच्या फाइलवर असा शिक्का एकदा बसला, की पुसायला कुणी येत नाही. असे चुकीचे शिक्के बसलेले मी पाहिलेत, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

मे महिन्यात एका सकाळी ड्राय आइसच्या डब्यातून आलेले नमुने मी लावत होते. एक फॉर्म उचलला. तिन्ही ब्रेक तपासायला सांगितलेले आणि रकाना कोरा करकरीत. मी तो जोडीदारणीपुढे फडकवला आणि चांगले चार शब्द मराठीत हासडले. तिला मराठी येत नाही, पण एव्हाना तेवढे शब्द कळतात. मग फॉर्मवरचं आडनाव वाचलं. माझंच होतं.

घरच्या माणसाच्या नमुन्याला आम्ही हात लावत नाही. रिपोर्टही उघडायचा नाही, उघडला तर कॉम्प्युटरला कळतं आणि नोकरी जाते. मी ट्यूबा आणि फॉर्म तिच्या हातात दिले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तिने फॉर्म उलटसुलट करून पाहिला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून.

संध्याकाळी मी सुनेवर तोंड सोडलंच. म्हटलं, लोकांचं एक वेळ समजू शकते, पण तूसुद्धा? रोज माझी बडबड ऐकतेस ना? पालथ्या घड्यावर पाणी? ती भाजी चिरत म्हणाली की रक्त पातळ करायची गोळी तर थांबवली होती, मग लिहायचं काय? मी म्हटलं, निदान काही नाही असं तरी लिहायचं. ती बरं म्हणाली. मुलगा फ्रिजमध्ये काहीतरी शोधत बराच वेळ उभा होता.

दहाएक दिवसांनी रिपोर्ट तिच्या फोनवर आला. तिने तो स्वतः मला दाखवला. अँटिथ्रॉम्बिन ठीक, प्रोटीन सी ठीक. प्रोटीन एस कमी. दोन्ही पद्धतींनी कमी.

माझी झोपच उडाली. मी कारणं शोधायला लागले. ट्यूब कमी भरली असेल? मग बाकीचे दोन ठीक कसे? नमुना वितळला असेल? गोळीचा अंश राहिला असेल? पण गोळीने आकडा वर जातो, खाली नाही. आमच्या रसायनाचा नवीन लॉट बिघडला असेल? मी नमुने काढणाऱ्या सेंटरवर संशय घेतला, गाडीवाल्यावर घेतला, मशीनवर घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शेवटी ब्रेकरूममध्ये जोडीदारणीला आडून आडून विचारलं.

“दीदी, आप जानती हो मैं कुछ नहीं बताऊँगी,” ती म्हणाली. “घर जाकर वही पूछो जो हम सबसे पूछते हैं.”

तेवढं तिचं वाक्य घेऊन मी गाडीत बसले. आपण सगळ्यांना काय विचारतो? प्रोटीन एस कमी आलं की रिपोर्टखाली एक टीप छापली जाते, कोणकोणत्या कारणांनी ते तात्पुरतं कमी होऊ शकतं त्याची. ती टीप काही वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. ती मला पाठ आहे. वॉरफरिन, लिव्हरचा आजार, नुकतीच झालेली गुठळी, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या. सिग्नलला थांबून मी मनातल्या मनात एकेक खोडत गेले. वॉरफरिन नाही. लिव्हर नाही. गुठळी जुनी झाली. आणि चौथ्यावर येऊन थांबले.

अगंबाई, म्हणजे असं आहे तर.

पाचव्या कारणापर्यंत मी गेलेच नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन गेला होता. सगळं जुळत होतं. रकाना कोरा का? आपल्यात तीन महिने पुरे होईपर्यंत बोलत नाहीत म्हणून. मुलगा फ्रिजमध्ये तोंड का खुपसून होता? म्हणूनच. ब्रेकबिक काही ढिला नाही, पोरीला दिवस गेलेत आणि प्रोटीन एस आपसूक खाली आलंय. आयुष्यभराच्या गोळ्या टळल्या आणि वर नातवंड. मी गाडी चालवता चालवता रडले, खोटं कशाला बोलू.

त्या रात्रीपासून मी गुपचूप कामाला लागले. नाचणीची खीर. ग्रोसरीतून पपई आणणं बंद. लाँड्रीची बास्केट तिच्या हातातून काढून घेतली. ती जिन्यावर दिसली की सावकाश, सावकाश. ती गोंधळून बघायची, पण मी मोठ्या शहाणपणाने काही बोलायचे नाही. ह्यांना तेवढं सांगितलं.

“तिने सांगितलं का तसं?” ह्यांनी विचारलं.

“सांगायला कशाला हवं? मला आकडा दिसतोय.”

हे पुन्हा टीव्हीकडे वळले. तेव्हा त्यांचा राग आला होता.

चारच दिवस हे सुख चाललं. पाचव्या दिवशी क्लिनिकमधून फोन आला की काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, तोवर रक्त पातळ करायची गोळी परत सुरू करा. मी कामावरून आले तर सून स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती, हातात त्या गोळीची पट्टी. पोटातल्या बाळाला ती गोळी चालत नाही, हे माझ्या डोक्यात विजेसारखं आलं आणि मी पट्टी हिसकावूनच घेतली.

“ही गोळी तू या अवस्थेत घ्यायची नाहीस.”

“कुठल्या अवस्थेत?”

मी म्हटलं, आता लपवू नकोस, मला रिपोर्टवरूनच कळलंय, मी काही आजच लॅबमध्ये लागलेली नाही. आधी डॉक्टरांना सांग, त्या इंजेक्शनं देतील. मी बोलतच राहिले. ती खुर्ची ओढून बसली, ग्लास टेबलावर ठेवला आणि माझं संपायची वाट पाहिली.

“आई, मी प्रेग्नंट नाहीये,” ती म्हणाली. “होऊ नये म्हणून गोळ्या घेते. दोन वर्षं झाली.”

यादीतलं पाचवं कारण.

मला आधी काय वाटलं असेल? काळजी? छे. संताप झाला नुसता, अंगाचा तिळपापड. दोन वर्षं ही पोरगी ऑफिसजवळच्या फार्मसीतून गोळ्या आणून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवते आणि मी इकडे लहान खोलीतली जाळी काढतेय. मुलगा आवाज ऐकून वर आला, त्यालाही मी सोडलं नाही. मी म्हटलं, मला फसवलंत ते फसवलंत, पण डॉक्टरांना? फॉर्मवर? मी रोज जेवताना काय कीर्तन करते, ते कानावर पडत नव्हतं? एवढं सगळं माहीत असून रकाना कोरा सोडलास?

“तो फॉर्म तुमच्याच टेबलावर येणार होता, आई.”

ती आवाज न चढवता पुढे म्हणाली, “आणि इमर्जन्सीत डॉक्टरने मला विचारलं, तेव्हा उत्तर तुम्ही दिलंत. त्यानंतर मी काय बोलणार होते? तुम्हाला त्याच्यासमोर खोटं पाडू?”

मी क्लिनिकचं विचारलं. तिथे तरी सांगायचं. ती म्हणाली की तिथेही तुम्ही होतात, वही घेऊन. मुलगा म्हणाला की त्यांना घर घेईपर्यंत थांबायचं होतं, आणि मला सांगितलं असतं तर मी मिरजेपर्यंत फोन केले असते. हे खोटं नव्हतं. केलेच असते.

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मग, फार उशिरा, माझ्या डोक्यातली लॅबवाली जागी झाली. गुठळी झाली त्याला नुसतं विमान कारण नव्हतं, या गोळ्याही होत्या. त्या तिने एकही दिवस थांबवल्या नव्हत्या, कारण थांबव म्हणायला कुणाला माहीतच नव्हतं. आणि तपासणीसाठी रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती, ते तीन आठवडे हिच्या अंगात एक गोळी गुठळ्या करणारी आणि त्यांना अडवणारी एकही नाही. त्या आठवड्यांत मी हिला ड्राइव्हवे झाडायला लावला होता. मी हिसकावलेली पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि घे म्हटलं. ग्लासही तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने क्लिनिकला फोन करून त्या गोळ्यांचं सांगितलं, आणि त्यांनी तिला लगेच बोलावलं. मी सवयीने पर्स आणि वही घेतली. सून शूज घालत म्हणाली की तुम्ही आलात तर चालेल, पण खाली गाडीत थांबा. माझ्या बहिणीला तिच्या सुनेने असं म्हटलं असतं तर मी त्यावर आठवडाभर बोलले असते. मी गाडीत थांबले. पाऊण तास समोरच्या भिंतीवरची नो पार्किंगची पाटी वाचली. ती वरून आली आणि स्वतः सांगेल तेवढंच सांगितलं. त्या गोळ्या आजपासून बंद. रक्त पातळ करायची चालू. तीन महिने जाऊ द्यायचे, मग तीही थोडे दिवस थांबवून प्रोटीन एस पुन्हा. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, रागावल्या का, मी विचारणार होते. गाडी रिव्हर्स घ्यायची होती, म्हणून मागे बघितलं.

तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. तीन महिन्यांत आकडा वर आला तर गोळ्यांचा दोष, नाही आला तर जन्माचा शिक्का, आणि मी मोजायला बसलेली असून मला हात लावायची बंदी. कामावर कोरे फॉर्म येतच होते. त्यांचा राग यायचा तसा यायचाच, तो काही माझ्या हातात नाही. पण फॉर्म फडकवायला हात वर जायचा आणि मध्येच खाली यायचा. जोडीदारणीने एकदा विचारलं की दीदी, तबियत ठीक आहे ना? मी म्हटलं ठीक आहे, तू मशीन तपासायचं स्टँडर्ड लाव.

सप्टेंबरमध्ये सुनेचा नमुना आला. जोडीदारणीने तो माझ्या नजरेआडून नेला आणि दिवसभर माझ्याशी हवामानाशिवाय काही बोलली नाही. तीन दिवसांनी मी लाँड्री काढत होते तेव्हा सून खाली आली आणि फोन माझ्यापुढे धरला. प्रोटीन एस नॉर्मल. काठावरचं नाही, चांगलं आतलं. मी ड्रायरच्या दारावर डोकं टेकून ढसाढसा रडले. ती शेजारी उभी राहिली आणि थोड्या वेळाने तिने बास्केटमधले मोजे जोड्या लावायला घेतले.

तेवढ्यावर संपायला हवं होतं. पण महिन्याभराने स्पेशालिस्टचं शेवटचं पत्र तिच्या फोनवर आलं, आणि ती म्हणाली की वाचायचं असेल तर वाचा. ब्रेक चांगले आहेत, लिहिलं होतं. गुठळी प्रवास आणि गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे. आयुष्यभर औषधाची गरज नाही, त्या प्रकारच्या गोळ्या मात्र पुन्हा नकोत. आणि मधल्या परिच्छेदात एक वाक्य होतं. पेशंटने सुरुवातीला इमर्जन्सीमध्ये आणि आमच्याकडेही या गोळ्यांची माहिती दिली नव्हती. आपण सांगायला विसरलो, असं तिचं म्हणणं आहे.

मी ते तिला वाचून दाखवलं. म्हटलं, तू विसरलीस?

तिने खांदे उडवले. म्हणाली, त्यांनी विचारलं कसं राहिलं म्हणून, मग काय सांगणार? जाऊ दे आई, रिपोर्ट चांगला आलाय ना.

मी म्हटलं, जाऊ दे कसं? ही फाइल आहे. उद्या बाळंतपणाला जाशील, तिथला डॉक्टर हे वाचेल आणि तुझ्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवणार नाही. मी चाळीस फॉर्म रोज हाताळते, अशा बायकांबद्दल लोक काय बोलतात ते मला विचार. मीच बोलते. चुकीची नोंद आहे ही, दुरुस्त करून घे.

मग तिने लॅपटॉप उघडला आणि क्लिनिकच्या पोर्टलवर नोंद दुरुस्त करण्याची विनंती कुठे असते ते शोधलं.

“कारण लिहावं लागतं, आई,” ती म्हणाली. “काय लिहू?”

खरं सांगायचं तर माझ्या मनात दोनतीन सोयीची कारणं तयार झाली. गडबड होती. भाषेचा घोटाळा झाला. ती वाट बघत होती, बोटं कीबोर्डवर ठेवून, आणि मला मदत करायला ती काहीही सुचवत नव्हती.

“लिही,” मी म्हटलं, “की डॉक्टरने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या सासूने दिलं. मला बोलूच दिलं नाही.”

तिने टाइप केलं. मला वाटलं होतं ती नेहमीसारखी सांभाळून घेईल, एखादा शब्द मऊ करेल, काळजीपोटी वगैरे घालेल. तिने काहीच घातलं नाही. दोन सरळ इंग्रजी वाक्यं, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी चष्मा लावून दोन्ही वाक्यं दोनदा वाचली.

“पाठव,” मी म्हटलं.